‘आय रिमेम्बर क्लिफर्ड’ : रेकॉर्ड घरी नेण्यापूर्वी

आमच्याकडून जाझची रेकॉर्ड पहिल्यांदाच नेणारे बहुतेक जण विचारतात, ‘सुरुवात कुठून करू?’ आमचं उत्तर ठरलेलं आहे : ‘आय रिमेम्बर क्लिफर्ड’. मात्र ही रचना कुणासाठी झाली ते ठाऊक असलं, तर ती वेगळी ऐकू येते. म्हणून हा कागद तुमच्या पिशवीत घातला आहे.

क्लिफर्ड ब्राउन अमेरिकेतल्या विल्मिंग्टनचे. जन्म 1930 चा. ट्रम्पेट वाजवायचे. कितीही द्रुत लयीत वाजवत असले तरी त्यांचा प्रत्येक सूर भरीव आणि गोल यायचा. त्या काळी हेरॉइनने कितीतरी जाझ वादकांची धूळधाण केली. क्लिफर्ड त्यापासून कायम लांब राहिले. 1950 मध्ये मोटारीच्या भीषण अपघातानंतर ते कित्येक महिने अंथरुणाला खिळून होते, आणि त्यातूनही उठून पुन्हा वाजवू लागले. मात्र 26 जून 1956 च्या रात्री पावसात, पेनसिल्व्हेनियातल्या महामार्गावर, त्यांची गाडी रस्ता सोडून खाली गेली. सोबत होते पियानोवादक रिची पॉवेल आणि गाडी चालवणारी त्यांची पत्नी नॅन्सी. तिघेही गेले. क्लिफर्ड पंचवीस वर्षांचे होते. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मिळून जेमतेम चार वर्षांचं आहे.

बेनी गोल्सन तेव्हा ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पींच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन वाजवत. त्याआधी ते आणि क्लिफर्ड एका वाद्यवृंदात एकत्र वाजवलेले. न्यूयॉर्कच्या अपोलो थिएटरमध्ये दोन खेळांच्या मधल्या वेळात पियानोवादक वॉल्टर डेव्हिस रडत आत आले आणि त्यांनी बातमी सांगितली. थोड्याच वेळात सगळ्यांना पुन्हा मंचावर जायचं होतं. पुढे गोल्सननी आपल्या मित्रासाठी ही धून बांधली. ती ठाय लयीची आहे, पण शोकगीतासारखी नाही. सूर वर चढतो, जरा थांबतो, पुन्हा चढतो. आम्हाला त्यात गेलेल्या माणसाचं रडगाणं ऐकू येत नाही, त्याच्या चालण्याची ढब ऐकू येते. शब्द नंतर जॉन हेंड्रिक्स यांनी लिहिले. गायलेल्या आवृत्त्याही सुंदर आहेत. तरी पहिल्यांदा बिनशब्दांचीच ऐका, असं आम्ही आग्रहाने सांगू.

आणि ती ऐका ली मॉर्गनची. 24 मार्च 1957 ला, अपघाताला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ‘ब्लू नोट’ या रेकॉर्ड कंपनीसाठी केलेलं हे ध्वनिमुद्रण. ली फिलाडेल्फियाचा ट्रम्पेटवादक, तेव्हा वय अठरा. लहानपणी क्लिफर्डकडून त्याने थोडे धडेही घेतले होते. शेजारी सॅक्सोफोन घेऊन खुद्द गोल्सन, पियानोवर विंटन केली. म्हणजे ज्याने धून बांधली तो आणि ज्याच्या हाती ट्रम्पेट आलं तो पोरगा, दोघेही त्याच खोलीत. ली कुठेही करामत दाखवायला जात नाही. सूर जपून ठेवतो, जसा कुणी दुसऱ्याची वस्तू जपून ठेवतं. डिझींनी त्याच वर्षी न्यूपोर्टच्या जाझ महोत्सवात वाजवलेलीही ऐका. पियानोवादक बड पॉवेल यांची 1962 ची कोपनहेगनमधली तर आवर्जून ऐका. तिथे ट्रम्पेट नाहीच, फक्त पियानो, बेस आणि ड्रम्स. क्लिफर्डसोबत अपघातात गेलेला रिची हा बड यांचा धाकटा भाऊ.

आता तुमच्या यंत्राबद्दल. लांब, संथ सुरांमुळे रेकॉर्ड प्लेअरची दुखणी लगेच उघडी पडतात. मागे एक गृहस्थ लीची हीच रेकॉर्ड परत घेऊन आले. ‘ट्रम्पेट थरथरतंय, रेकॉर्ड खराब आहे,’ असं त्यांचं म्हणणं. आमच्या यंत्रावर लावली तर स्वच्छ वाजली. त्यांच्या घरच्या प्लेअरचा, रेकॉर्ड फिरवणारा रबरी बेल्ट सैल झाला होता. ओळखायची खूण सोपी आहे : पियानोकडे कान द्या. ट्रम्पेटवाला सूर मुद्दाम कंपित करतो, पियानोवाल्याला तसं करता येत नाही. पियानो डळमळला की दोष यंत्राचा किंवा रेकॉर्डच्या भोकाचा. भोक मध्यभागी नसेल तर डळमळ ठरावीक अंतराने, म्हणजे 33⅓ च्या वेगाला दर 1.8 सेकंदांनी येते. तसं आढळलं तर रेकॉर्ड आणा, आम्ही बदलून देऊ.

बेल्ट आणि सुई आम्ही दुकानातच तपासून देतो, तपासणीचे पैसे घेत नाही. रेकॉर्ड विकत घेण्याआधी इथे बसून पूर्ण ऐकायचीही सोय आहे. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या. बेनी गोल्सन 2024 मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी गेले. त्यांच्या रेकॉर्ड्स आता दाराजवळच्या पहिल्या खणात ठेवल्या आहेत, आणि क्लिफर्डच्या त्यांच्या शेजारी.