गाईच्या फुप्फुसातला मायक्रोआरएनए : ही तपासणी आम्ही अजून का करत नाही

पशुपालक बंधू-भगिनींनो,

"रक्तातल्या मायक्रोआरएनएवरून गाईचा टीबी कळतो म्हणे, तुमच्याकडे होते का ती तपासणी?" यावल-रावेरपासून शिरपूरपर्यंतचे ग्राहक हल्ली आम्हाला हे विचारतात. आमच्या प्रयोगशाळेत ती होत नाही. का, ते नीट सांगायला हवं.

फुप्फुसाच्या टोकाशी बारीक वायुकोश असतात. तिथे मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी बसलेल्या असतात. कुट्टीची धूळ, बुरशी, जंतू, जे आत येईल ते गिळायचं हे त्यांचं काम. जंतू भेटला की त्या इशारा देतात आणि सूज चढते. ती आवरली नाही तर वायुकोशात पाणी भरतं आणि जनावराला सुजेनेच धाप लागते. म्हणून पेशीला लगाम लागतो. मायक्रोआरएनए हे त्या लगामाचंच काम करतो. आरएनए ही पेशीतली रासायनिक अक्षरांची साखळी, आणि हा तिचा सुमारे २२ अक्षरांचा तुकडा. त्यापासून प्रथिन बनत नाही, उलट प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या लांब आरएनएला चिकटून तो निरोप अडवतो. मायक्रोआरएनए-१४६ इशाऱ्यामुळेच वाढतो आणि इशारा पुढे नेणारी इराक-१ व ट्राफ-६ ही प्रथिनं कमी करतो. मायक्रोआरएनए-१५५ मात्र बहुधा सुजेला जोर देतो. असा पहिला तुकडा १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत ओळखला गेला. त्या कामासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

गाईच्या टीबीचा जंतू, मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, याच भक्षक पेशीत मुक्काम करतो. गिळला जातो, पण पचत नाही. म्हणून संशोधकांचं लक्ष इथे आहे, आणि आमचंही.

अडचण नमुन्याची आहे. फुप्फुसातल्या पेशी हव्या तर नळी आत घालून सलाईन सोडायचं आणि परत ओढायचं. गोठ्यात दर गाईला हे जमणारं नाही. रक्त काढणं सोपं, पण लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातला मायक्रोआरएनए-४५१ सीरममध्ये, म्हणजे रक्त साकळल्यावर वर राहणाऱ्या पाण्यात, उतरतो आणि आकडे बिघडतात. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात, मोटारसायकलच्या डिकीत हादरे खात आलेल्या नळीतलं सीरम गुलाबी दिसतं ते यामुळेच. त्यात १४६ आणि १५५ हे कासदाहातही वाढतात, मग एकट्या आकड्यावरून टीबी कसा म्हणायचा? अशा अहवालाचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही.

मायक्रोआरएनए वाढवणारी पावडर म्हणून कुणी काही विकायला आलं तर घेऊ नका. खाद्यातला आरएनए गाईच्या कोठीपोटातच मोडून जातो.

टीबीची शंका असेल तर पशुवैद्यकाकडून ट्यूबरक्युलिन चाचणी करून घ्या : मानेच्या कातडीत टोचून ७२ तासांनी जाडी मोजतात. तोवर खोकणारी गाय वेगळी बांधा. तिचं दूध उकळल्याशिवाय घरात वापरू नका आणि कच्चं दूध वासरालाही पाजू नका.

इतर तपासण्यांसाठी रक्त आणताना नळी कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवा. बर्फ थेट लागून रक्ताचाच बर्फ झाला तरी लाल पेशी फुटतात. उन्हाळ्यात शक्यतो सकाळी लवकर या, निघण्याआधी फोन करा.