नवजात बाळाचा सीआरपी : आकडा कुठल्या तासाचा?

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये १९३० साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या सीरममध्ये एक पदार्थ आढळला. न्यूमोकॉकसच्या ‘सी’ पॉलिसॅकराइडशी संयोग होताच तो साका धरे. तोच आजचा सीआरपी, म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन : संसर्गात रक्तात वाढणारे प्रथिन. मात्र नवजात बाळांच्या विभागात संसर्ग ओळखण्यासाठी दीर्घकाळ भिस्त राहिली ती पांढऱ्या पेशींच्या मोजणीवर.

ही मोजणी फसवी असते, कारण निरोगी बाळाचे न्यूट्रोफिलही (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जन्मानंतरच्या पहिल्या अर्ध्या दिवसात चढतात आणि मग उतरतात. डॅलसच्या मॅन्रो आणि सहकाऱ्यांनी १९७९मध्ये ही चढउतार तासागणिक मांडली. आकडा बाळाच्या वयाच्या तासाशी ताडून वाचायचा, ही शिस्त तिथून पक्की झाली. पुढच्याच वर्षी फिलिप आणि ह्युइट यांनी अनेक चाचण्या एकत्र जोडल्या. आपल्याकडचा ‘सेप्सिस स्क्रीन’ (रक्तातला गंभीर संसर्ग हुडकणाऱ्या चाचण्यांचा संच) त्याच वळणाचा : पांढऱ्या पेशी ५,०००पेक्षा कमी, न्यूट्रोफिल वयाच्या मानाने कमी, आय-टी रेशो (एकूण न्यूट्रोफिलमध्ये अपक्व किती, ते प्रमाण) ०.२च्या वर, मायक्रो-ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) पहिल्या तासाला १५ मिमीहून जास्त, सीआरपी १० मिग्रॅ/लिटरच्या वर. यांतल्या दोन बाबी बिघडल्या की स्क्रीन पॉझिटिव्ह. यात सगळ्यात कच्चा दुवा आय-टी रेशोचा. एकाच स्लाइडवरच्या बँड पेशी (अपक्व न्यूट्रोफिल) दोन तंत्रज्ञ वेगवेगळ्या मोजतात.

सीआरपी यकृतात तयार होतो, तोही इंटरल्यूकिन-६ या संदेशवाहक प्रथिनाचा इशारा मिळाल्यावर. त्यामुळे तो वाढायला साधारण १० ते १२ तास जातात. जन्मताच घेतलेला नॉर्मल सीआरपी म्हणूनच काहीच सिद्ध करत नाही. उलट श्वास कोंडलेल्या किंवा मेकोनियम (बाळाची पहिली शी) फुप्फुसात गेलेल्या बाळात तो जंतूंशिवायही वाढतो. बेनिट्झ यांच्या १९९८च्या अभ्यासाने त्याचा खरा उपयोग दाखवला : २४ तासांच्या अंतराने दोनदा नॉर्मल आला, तर संसर्गाची शक्यता फारच थोडी उरते.

संसर्गात वाढणारा आणखी एक रक्तघटक म्हणजे प्रोकॅल्सिटोनिन. त्याचा संसर्गाशी संबंध १९९३मध्ये पॅरिसहून प्रसिद्ध झाला. तो ४ तासांतच चढू लागतो. पण पहिल्या दिवशी निरोगी बाळातही चढतो, तेव्हा इथेही तासांचा तक्ता हवाच. २०१७च्या निओपिन्स या नवजात बाळांवरच्या अभ्यासात त्याच्या आधारे प्रतिजैविकांचा सरासरी काळ ६५ तासांवरून ५५ तासांवर आला.

आजारी दिसणाऱ्या बाळाचे औषध मात्र यांतल्या कुठल्याही आकड्याची वाट पाहत लांबवू नये. आधी किमान १ मिली रक्त कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) घ्यावे, लगेच पहिला डोस द्यावा. किलोभर वजनाच्या बाळात सगळे मिळून रक्त जेमतेम ८०-९० मिली असते, म्हणून पुढची प्रत्येक तपासणी वेळ ठरवूनच करावी.