आंबिल ओढा (पुणे)

पुण्याच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगरात उगम पावून शहरातून वाहत मुठा नदीला मिळणारा ओढा. पावसाळा सोडला तर त्यात स्वतःचं पाणी फारसं नसतंच, एरवी जे काळपट वाहताना दिसतं ते काठच्या आणि वरच्या वस्त्यांचं ड्रेनेज असतं, त्यामुळे आता बहुतेक लोक त्याला सरळ नाला म्हणतात, कागदोपत्री पण नालेसफाई, नाला खोलीकरण असंच चालतं. पण तो मुळात ओढा आहे, डोंगराचं पाणी नदीला नेऊन सोडणारा, आणि हे आधीच सांगून ठेवतो कारण एकदा नाला म्हटलं की माणूस त्यात काहीही टाकायला मोकळा होतो.

भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी या बाजूच्या उतारांवरचं पाणी आधी कात्रजच्या तलावात येतं, तिथून पुढे बालाजीनगर, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर असं करत ओढा पर्वतीच्या पायथ्याशी येतो आणि दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेला मिळतो. पूर्वी हा रस्ता वेगळा होता. पेशवाईच्या आधी ओढा आजच्या पेठांच्या भागातून वाहायचा, नानासाहेब पेशव्यांनी तो पर्वतीच्या अलीकडून पश्चिमेला वळवून नदीत सोडला म्हणून पेठा वाढायला जागा मिळाली. पर्वतीखाली तळं झालं, त्या तळ्यातला गणपती म्हणजे आजचा सारसबागेचा गणपती, तळं नंतर बुजवलं गेलं आणि तिथे बाग झाली.

१७५० च्या आसपास नानासाहेबांनीच कात्रजला तलाव बांधून तिथलं पाणी दगडी भुयारी नळाने पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी चालायचं, मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते म्हणजे हवा खेळती राहील आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येईल, आणि पेठांमध्ये हौद बांधले होते त्यावर लोक पाणी भरायचे. म्हणजे ज्या डोंगरांचं पाणी ओढ्यातून वाहतं तेच पाणी पुणेकर प्यायचे. आज त्याच कात्रजच्या तलावात वरून सांडपाणी येतं, जलपर्णी माजते, शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, रविवारी लोक लहान मुलांना वाघ दाखवायला नेतात आणि तलावाच्या बाजूला आले की नाकाला रुमाल लावतात.

हे एवढं कसं बिघडलं त्याचं एक मोठं कारण शहर ज्या पद्धतीने वाढलं त्यात आहे. धनकवडी, कात्रज ही गावं १९९७ ला महापालिकेत आली, आंबेगाव २०१७ ला, आणि उगमाकडची भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही तर २०२१ ला. तोपर्यंत ओढ्याचं डोकं ग्रामपंचायतींकडे आणि धड महापालिकेकडे असा प्रकार होता. वर टेकड्या फोडून प्लॉटिंग झालं, बिल्डिंगी उभ्या राहिल्या, घरं आधी आणि ड्रेनेज लाइन कितीतरी वर्षांनी, मग मधल्या काळात मैला जाणार कुठे तर जवळच्या ओहोळात आणि ओहोळातून ओढ्यात. उतारावरची माती, झाडोरा गेला, काँक्रीट आलं, त्यामुळे जे पाणी आधी जमिनीत मुरत हळूहळू खाली यायचं ते आता पाऊस सुरू झाला की लगेच धावत येतं.

आणि ते धावत येतं तेव्हा खाली ओढ्याला जागाच नसते. अतिक्रमण म्हटलं की लोक लगेच दांडेकर पुलाजवळच्या झोपडपट्टीकडे बोट दाखवतात, ते मला पटत नाही, कारण वरच्या बाजूला चांगल्या चांगल्या सोसायट्यांच्या कंपाउंड भिंती ओढ्याला चिकटून आहेत, कुठे पात्र सरळ करून त्याला काटकोनात वळवलंय, कुठे राडारोडा टाकून काठ पुढे सरकवलाय आणि त्यावर पार्किंग केलंय. मूळ वळणं घेत जाणारा ओढा दोन भिंतींमधलं गटार झाला. त्यात रस्त्यांसाठी जागोजागी कल्व्हर्ट, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या, घातले, ते त्या त्या वेळच्या पाण्याच्या हिशोबाने.

कचऱ्याचं म्हणाल तर एखाद्या कल्व्हर्टजवळ मे महिन्यात सकाळी जाऊन उभं राहावं. पोकलेन खाली उतरवलेला असतो आणि बादली वर येते तेव्हा तिच्यात गादी, थर्माकोल, नारळाच्या करवंट्या, देवाचे फोटो, साडीचे तुकडे, फुटलेलं कमोड, आणि गाळापेक्षा जास्त प्लॅस्टिकच्या पिशव्या. ओढा ओलांडून जाणारी एखादी पाण्याची पाइप असतेच, तिला चिंध्या अडकून अडकून पडद्यासारख्या लोंबत असतात. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवतात, सुकल्यावर उचलू म्हणून, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात त्यातला बराचसा परत आत. पुलांवर महापालिकेने उंच जाळ्या लावल्या तरी लोक स्कूटर थांबवून निर्माल्याची पिशवी जाळीवरून फेकतात, वर नमस्कार पण करतात.

हे थांबवता येत नाही असं नाही. पुण्यात कचरावेचक बायकांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करते, ओला-सुका वेगळा करते, त्याबदल्यात घरटी महिन्याला थोडे पैसे द्यायचे असतात. तेवढे पैसे वाचवायला जी पिशवी घरातून बाहेर पडते ती कोपऱ्यावर नाहीतर ओढ्यात जाते. अशा कोपऱ्यांना महापालिकेच्या भाषेत क्रॉनिक स्पॉट म्हणतात, कंटेनर उचलला, रांगोळी काढली, कुंड्या ठेवल्या, तरी आठ दिवसांनी तिथेच ढीग. आमच्या भागातल्या एका स्पॉटबद्दल मी तीन वर्षं तक्रार करतोय, दर वेळी ॲपवर 'तक्रार निकाली' असं येतं आणि फोटो मात्र दुसऱ्याच कोपऱ्याचा असतो, फार चीड येते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र या ओढ्याच्या काठची माणसं विसरणार नाहीत. कात्रज परिसरात थोड्या तासांत प्रचंड पाऊस झाला, तलाव भरून वाहायला लागला आणि ओढा एकदम पात्राबाहेर आला. पुण्यात पूर म्हटलं की १२ जुलै १९६१ चा पानशेत आठवतो, तिथे धरण फुटलं होतं. इथे धरण फुटलं नव्हतं, नदीला पूर नव्हता, पाणी एका ओढ्याचं होतं. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसं गेली, पार्किंगमधल्या गाड्या वाहत जाऊन एकावर एक चढल्या, गोठ्यातली जनावरं बांधल्या जागी बुडाली. त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात मिळून २० च्या वर लोक मेले. ग्राउंड फ्लोअरच्या लोकांना पाणी आलंय हे कळलं ते पायाला लागल्यावर, तोवर दारं आतून उघडेनात कारण बाहेरून पाण्याचा दाब. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तो एक वास, गाळाचा आणि मैल्याचा मिळून, गहू तांदूळ सगळं फेकून द्यावं लागलं, मुलांची दप्तरं उन्हात पसरलेली आणि पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली. ज्या पिशव्या वर्षभर पुलावरून टाकल्या होत्या त्यांनीच कल्व्हर्टची तोंडं बंद केली होती.

नंतर महापालिकेने सल्लागार नेमून ओढ्याचा सर्व्हे करून घेतला, पात्र रुंद करणं, कल्व्हर्ट मोठे करणं, सीमाभिंती बांधणं अशी कामं ठरली, त्यातली काही झाली, बरीच वर्षानुवर्षं रेंगाळली. जून २०२१ मध्ये ऐन पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांवर कारवाई झाली, लोकांनी मोठा विरोध केला, सामानासकट पावसात उभे राहिले आणि त्याच दिवशी कोर्टाने स्थगिती दिली. सांडपाण्यासाठी मुळा-मुठेचा जायकाचा (म्हणजे जपान सरकारच्या मदतसंस्थेचा) प्रकल्प आहे, तिच्या कर्जातून, मुळात सुमारे ९९० कोटींचा, ११ एसटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं असलेला, पण एसटीपी नदीकाठी कितीही चांगला चालला तरी वरच्या गल्लीतली लाइन ओढ्यातच सोडलेली असेल तर ते पाणी त्याच्यापर्यंत पोचणार कसं.

काठच्या सोसायट्यांमध्ये अजून काही भिंतींवर त्या रात्रीच्या पाण्याची तपकिरी रेघ दिसते, छातीएवढी, काही ठिकाणी त्याच्याही वर. तळमजल्यावरच्या बऱ्याच जणांनी स्विचबोर्ड त्या रेघेच्या वर घेतलेत, आणि सप्टेंबरमध्ये रात्री जोराचा पाऊस लागला की कोणीतरी टॉर्च घेऊन ओढ्याचं पाणी बघायला खाली उतरतं.