बंधुभावाची कानउघाडणी (ख्रिस्ती धर्म)

चुकीच्या मार्गाने चाललेल्या माणसाला त्याचा दोष दाखवून देणे आणि त्याच्या परिणामांबद्दल त्याला वेळीच सावध करणे, हे ख्रिस्ती नीतिविचारात प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य मानलेले आहे. ते केवळ धर्मगुरूंचे किंवा मंडळीच्या (स्थानिक ख्रिस्ती समुदायाच्या) वडीलधाऱ्या पुढाऱ्यांचे काम नाही. दोषी व्यक्तीला शिक्षा व्हावी हा त्याचा हेतू नसून ती व्यक्ती परत मिळावी हा आहे. हा हेतू सुटला की मागे उरते ती निंदा, आणि निंदेला ख्रिस्ती शिकवणुकीत पापच म्हटले आहे. कॅथलिक परंपरेत पापी माणसाला बोध करणे हे दयेच्या सात आध्यात्मिक कृत्यांपैकी एक गणले जाते, तर अनेक प्रॉटेस्टंट परंपरांत मंडळीच्या शिस्तीची सुरुवात याच कर्तव्यापासून होते.

या कर्तव्याचे मूळ यहुदी धर्मशास्त्रात आहे. लेवीय १९:१७ मध्ये भावाचा मनात द्वेष करण्यास मनाई केली आहे आणि त्याच वचनात शेजाऱ्याचा दोष त्याला अवश्य सांगावा, नाहीतर त्याच्या पापाचा भार आपल्यावर येईल, असे बजावले आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करावी ही प्रसिद्ध आज्ञा लगेच पुढच्या वचनात येते. मनात राग साठवून गप्प बसणे आणि तोंडावर स्पष्ट बोलणे यांपैकी प्रीतीच्या बाजूचे काय, याचा निर्णय येथे शेजारच्या दोन वचनांतच झालेला आहे. यहेज्केल संदेष्ट्याने (अध्याय ३ व ३३) हेच अधिक कठोर शब्दांत मांडले : तलवार येताना दिसूनही पहारेकऱ्याने रणशिंग फुंकले नाही, तर मेलेल्यांच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागेल, मात्र त्याने इशारा दिला आणि लोकांनी तो मानला नाही, तर तो दोषमुक्त आहे. म्हणजे जबाबदारी इशारा देण्याची आहे, समोरच्याला बदलून दाखवण्याची नाही.

नव्या करारातील मध्यवर्ती उतारा मत्तय १८:१५–१७ हा आहे. भावाने अपराध केला तर प्रथम एकांतात जाऊन तो त्याला दाखवावा. त्याने ऐकले तर ‘तू आपला बंधू मिळवलास’. त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना साक्षीदार म्हणून बरोबर न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे, आणि मंडळीचेही त्याने मानले नाही तर त्याला परराष्ट्रीय (यहुदी नसलेला) किंवा जकातदार (त्या काळी पापी मानला जाणारा करवसुलीदार) यांच्यासारखा समजावे. दुसऱ्या पायरीवरील साक्षीदारांची अट ‘अनुवाद’ या बायबलमधील पुस्तकातल्या (१९:१५) न्यायनियमावरून आलेली असून ती आरोपीचेही रक्षण करते. काही अतिप्राचीन हस्तलिखितांत ‘तुझा’ (म्हणजे तुझ्याविरुद्ध) अपराध असे न म्हणता केवळ अपराध म्हटले आहे. तो पाठ धरल्यास हे कर्तव्य स्वतःवर झालेल्या अन्यायापुरते मर्यादित राहत नाही. हा उतारा बहुधा कार्यपद्धती म्हणून सुटा वाचला जातो, पण त्याचे स्थान विसरून चालणार नाही. त्याच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे आणि त्याच्यानंतर लगेच किती वेळा क्षमा करावी हा येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न आहे. एकीकडे शोध आणि दुसरीकडे क्षमा, यांच्या मध्ये उभी असलेली ही कृती आहे. जकातदार समजण्याच्या आज्ञेचा अर्थही, येशू स्वतः जकातदारांच्या पंक्तीला बसत असे हे लक्षात घेऊनच लावला पाहिजे.

येशूच्या दुसऱ्या एका उपदेशाशी मात्र या कर्तव्याचा वरवर विरोध दिसतो. दुसऱ्यांचे दोष काढू नका, भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहण्याआधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढा, असे मत्तय ७:१–५ मध्ये म्हटले आहे. परंतु त्या उताऱ्याचा शेवट कुसळ तसेच राहू द्या असा होत नाही; मुसळ निघाल्यावर भावाच्या डोळ्यातील कुसळ काढण्यास नीट दिसेल, असा होतो. बोध करणाऱ्याने आधी स्वतःची झडती घ्यावी, एवढेच ते सांगते. प्रेषित पौलानेही गलतीकरांस लिहिताना (६:१) अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने ताळ्यावर आणण्यास सांगितले आणि त्याच वाक्यात स्वतःकडे लक्ष ठेवण्याची ताकीद दिली. अशा माणसाला शत्रू न मानता बंधू समजून त्याची कानउघाडणी करावी (२ थेस्सलनीकाकरांस ३:१५), वडीलधाऱ्याला टाकून न बोलता बापासारखे मानून समजवावे (१ तीमथ्य ५:१), आणि मंडळीबाहेरच्यांचा न्याय करणे हे आपले काम नव्हे (१ करिंथकरांस ५:१२), हेही त्याच्या नावाच्या पत्रांत सांगितले आहे. ही शेवटची मर्यादा इतिहासात वारंवार ओलांडली गेली आहे.

कानउघाडणी वरून खालीच व्हावी असे नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगून राजाने घडवून आणलेल्या उरीया या सैनिकाच्या हत्येचे पाप त्याच्याच तोंडून निषेधास पात्र ठरवले. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांदेखत विरोध केला, कारण यहुदी पाहुणे आल्यावर पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीतून उठू लागला होता. हा वाद खरा नव्हता, ठरवून केलेला देखावा होता, असे प्राचीन धर्मपंडित जेरोम याचे मत होते; त्याचा समकालीन बिशप ऑगस्टीन याने पत्रव्यवहारात ते ठामपणे नाकारले. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका येथे सम्राटाच्या सैनिकांनी केलेल्या कत्तलीनंतर मिलानचा बिशप अँब्रोझ याने रोमन सम्राट थिओडोसियसला जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावले, आणि १४व्या शतकात सिएनाच्या संत कॅथरिनने अविन्यों येथे राहणाऱ्या पोप अकरावे ग्रेगरी यांना धीट पत्रे लिहून रोमला परतण्याचा आग्रह धरला.

या विषयाची सर्वांत बारकाईची मांडणी १३व्या शतकात धर्मतत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसने केली. त्याच्या मते ही कृती प्रीतीची आहे, म्हणून ती भिक्षादानासारखीच, किंबहुना त्याहून श्रेष्ठ आहे. मात्र ‘हे करू नको’ अशा आज्ञा जशा सदासर्वकाळ बंधनकारक असतात तशी ही नाही. स्थळ, काळ आणि माणूस पाहून ती पाळायची असते. बोलण्याने तो माणूस अधिकच बिघडेल अशी खात्रीलायक भीती असेल तर थांबावे. आपल्याला त्रास होईल, लोक नावे ठेवतील, या भीतीने थांबणे मात्र वेगळे. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथात हाच फरक आधी केला होता : योग्य वेळेची वाट पाहणे हा प्रीतीचा सल्ला असू शकतो, पण स्वतःची सुखसोय जपण्यासाठी बाळगलेले मौन हा दोषच. व्यवहारात माणूस या दोन कारणांची सहज अदलाबदल करतो, म्हणून हा भेद या साऱ्या विचारात मला सर्वांत मोलाचा वाटतो.

मठजीवनात या कर्तव्याला नियमाचे रूप आले. ६व्या शतकातील बेनेडिक्टच्या नियमावलीत वडीलधाऱ्यांनी दोनदा गुप्तपणे बोध करावा, मग सर्वांसमक्ष आणि त्यानंतरच बहिष्कार, असा क्रम आहे. शिवाय बहिष्कृताने दुःखात बुडून जाऊ नये म्हणून मठाधिपतीने शहाण्या वृद्ध बंधूंना त्याच्याकडे धीर द्यायला पाठवावे, असेही सांगितले आहे. धर्मसुधारणेच्या काळात अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाच्या १५२७ च्या श्लाइटहाइम श्रद्धापत्रकाने दोनदा खासगी आणि एकदा जाहीर ताकीद दिल्यानंतरच बहिष्कार घालावा असे ठरवले. धर्मसुधारक कॅल्विनच्या जिनिव्हात हे काम धर्मगुरू आणि वडील यांच्या न्यायमंडळाकडे गेले व नगरसत्तेचे बळ जवळ असल्याने तेथे बोध आणि पोलिसी देखरेख यांतील अंतर कमी झाले. आमिश पंथ १६९३ मध्ये अ‍ॅनाबॅप्टिस्टांतून वेगळा झाला, तोही मुख्यतः बहिष्कृतांशी कितपत संबंध ठेवावा या वादातून. याउलट मेथडिस्ट चळवळीतील छोट्या गटांत सदस्य स्वतःहून आपले दोष ऐकून घेण्यास तयारी दाखवून सामील होत. चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७३८ मध्ये लिहिलेल्या नियमांत तसा प्रश्नच विचारलेला आहे. क्वेकर पंथातील जॉन वुलमन गुलाम बाळगणाऱ्या बंधूंच्या घरी जाऊन शांतपणे बोलत असे. अशा दीर्घ, चिकाटीच्या बोधानंतर क्वेकरांच्या फिलाडेल्फिया वार्षिक सभेने १७७६ मध्ये गुलाम मुक्त न करणाऱ्यांना सदस्यत्वातून काढण्याचे ठरवले.

या कर्तव्याच्या विपर्यासाचे एक रूप अलीकडच्या काळात फार वेदनादायक ठरले आहे. लैंगिक अत्याचार झालेल्यांना ‘आधी एकांतात जाऊन त्याच्याशी बोल’ असे मत्तय १८ चा आधार देऊन सांगितले गेले आणि अपराधी झाकले गेले. वास्तविक, गुप्त पापामुळे इतरांना इजा पोहोचणार असेल, तर एकांतातील बोधाची वाट न पाहता ते तत्काळ उघड करावे, असे अक्वायनसने नगर शत्रूच्या हवाली करणाऱ्याचे उदाहरण देऊन स्पष्ट केले होते. फक्त बोधाने ती हानी खात्रीने आणि ताबडतोब टळणार असेल तरच त्याने अपवाद मान्य केला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या ‘वोस एस्तिस लुक्स मुंदी’ या आदेशाने धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्यावर अशा अत्याचारांची माहिती चर्चच्या अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन घातले असून, नागरी कायद्यानुसार असलेली तक्रारीची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही.