तेचा नदीकाठचे कुंपण

रशियाच्या चेल्याबिन्स्क प्रांतात, उरल पर्वताच्या पूर्वेला तेचा ही लहानशी नदी वाहते. सोव्हिएत अणुबॉम्बसाठी प्लुटोनियम तयार करणारा ‘मायाक’ कारखाना 1948 मध्ये तिच्या उगमाकडील भागात सुरू झाला आणि 1949 ते 1956 या काळात सुमारे 7.6 कोटी घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी या नदीत सोडण्यात आले. काठावरच्या गावांत सुमारे 28 हजार लोक राहत होते. पिण्याचे पाणी, मासे, बदके आणि गुरांचा चारा या सगळ्यांसाठी त्यांना नदीचाच आधार होता.

प्रदूषण किती पसरले आहे, हे 1951 मध्ये लक्षात आल्यावर विहिरी खणल्या गेल्या, नदीच्या वापरावर बंदी आली, पुढे पूरक्षेत्राला काटेरी तारेचे कुंपण घालून पहारेही बसवले गेले. सुमारे साडेसात हजार लोकांना टप्प्याटप्प्याने अन्यत्र हलवले. मात्र कारखानाच गुप्त असल्याने बंदीचे खरे कारण गावकऱ्यांना कित्येक दशके कळू दिले नाही. ज्या नदीचे पाणी पूर्वीसारखेच नितळ दिसते, जिला कसलाही वास नाही, तिच्यापासून माणसाने विनाकारण दूर का राहावे?

पाणी वाहून जाते, पण त्यातले सगळेच काही वाहून जात नाही. सांडपाण्यातले सीझियम-137 हे किरणोत्सारी द्रव्य चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटते. त्यामुळे पुराबरोबर काठावर पसरलेला गाळ पुढे दीर्घकाळ किरणोत्सार करत राहतो. स्ट्रॉन्शियम-90 हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य त्या मानाने सहज विरघळते, आणि रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियमसारखे असल्याने शरीर त्याला हाडांत आणि दातांत जागा देते. वाढत्या वयाची मुले ते अधिक साठवतात. पूरक्षेत्रातले गवत खाऊन गाय संध्याकाळी गोठ्यात परतते, तिची धार काढली जाते आणि ते दूध मुलांपुढे येते. माणसाने कुंपण एकदाही ओलांडले नाही तरी कुंपणापलीकडची माती अशी घरात पोहोचते. म्हणूनच मला वाटते की, पर्यायी कुरण आणि वैरण दिल्याशिवाय घातलेली चराईबंदी कागदावरच राहते. उरलच्या लांबलचक हिवाळ्यासाठी गवत कापून साठवणाऱ्या शेतकऱ्याला ओलसर, दाट गवताचा नदीकाठ सोडणे परवडणारे नसते.

या लोकांच्या हाडांतील स्ट्रॉन्शियम 1974 पासून संपूर्ण शरीरातील किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने मोजले गेले आणि नदीकाठच्या रहिवाशांच्या पिढ्यांचा अभ्यास आजही चालू आहे. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आणि इतर कर्करोगांचा वाढलेला धोका शरीराला मिळालेल्या किरणोत्साराच्या मात्रेशी जोडलेला आहे, हे त्यातून दिसून आले.

स्ट्रॉन्शियम-90 चे अर्धायुष्य, म्हणजे ते क्षयाने निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे 29 वर्षे, तर सीझियम-137 चे सुमारे 30 वर्षे आहे. याचा अर्थ 1951 मध्ये साचलेल्या द्रव्यापैकी केवळ नैसर्गिक क्षय धरला तर साधारण सहावा हिस्सा आजही शिल्लक राहतो. तेव्हा प्रवेशबंदी ही काही वर्षांची तात्पुरती व्यवस्था असू शकत नाही. कुंपण गंजते, फलक मोडतात, पहारेकरी निवृत्त होतात. पण मुलांना ‘तिकडे जाऊ नका’ एवढेच न सांगता त्या मातीत काय आहे आणि ते शरीरात कसे शिरते हेही सांगितले, तर ती माहिती पुढच्या पिढीकडे जाते.

कारखान्यापासून नदीच्या प्रवाहाने सुमारे 78 किलोमीटरवर असलेल्या, बहुसंख्य तातार वस्तीच्या मुस्ल्युमोवो गावाला 1950 च्या दशकात हलवलेच नव्हते. तेथील रहिवाशांचे पुनर्वसन 2000 नंतरच्या दशकात हाती घेण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना मिळालेली नवी वस्ती जुन्या गावापासून अवघ्या दोनेक किलोमीटरवर, त्याच नदीच्या परिसरात आहे.