पार्श्वभूमी : कुत्र्या-मांजरांचं ‘दत्तक’

रस्त्यावरचं पिल्लू उचलायचं, कुणाच्या तरी घरी फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, ठेवायचं, लस-जंतनाशक करून त्याला कायमचं घर बघायचं. हे काम मुंबई-पुण्यात आज ज्या पद्धतीने चालतं, ती पद्धत वीस-पंचवीस वर्षांपलीकडची नाही. त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण वेगळा आहे. जून १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी हुकमावरून मुंबईच्या फोर्ट भागात पारशी रहिवासी रस्त्यावर उतरले, दंगल झाली. दोन वर्षांनी शहरात पांजरपोळ उभी राहिली. परळचं प्राण्यांचं रुग्णालय १८८३ चं. तिथे आसरा मिळे, औषधपाणी होई. कुत्र्याला घर शोधून देणं मात्र या कामात धरलेलं नव्हतं. घरोघरची रीत तर साधीच होती. मांजर व्याली की पिल्लं पिशवीत घालायची आणि मासळीबाजारात सोडून यायची. ‘तिथे खायला मिळतं’ असं म्हणत कित्येक चांगली माणसं हे करत. अजूनही करतात.

पालिकेची कुत्र्यांची गाडी हा दुसरा धागा. पकडलेली कुत्री मुंबईत विजेच्या धक्क्याने मारली जात. हे सरसकट मारणं १९९४ मध्ये थांबलं आणि नसबंदी सुरू झाली. मग डिसेंबर २००१ मध्ये केंद्राचे नियम आले : पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, आणि जिथून उचललं तिथेच परत सोडा. कान कापलेली कुत्री दिसू लागली ती यातूनच. नसबंदी झाल्याची ती खूण.

या नियमावर वाद पुष्कळ झाले, न्यायालयापर्यंत गेले. आपल्या विषयापुरतं महत्त्वाचं एवढंच, की जागच्या जागी सोडण्यासारखी नसणारी जनावरं त्यातून बाजूला पडली. गाडीखाली सापडून पाय गेलेलं कुत्रं, डोळे चिकटून आंधळी झालेली मांजरं, आई मेलेली तीन आठवड्यांची पिल्लं. ती ठेवायला पालिकेकडे जागा नव्हती, खासगी निवारे कायम भरलेले. मग कुणी गॅलरीत ठेवलं, कुणी न्हाणीघरात. भाद्रपदात कुत्र्यांचा माज, त्यापुढे साधारण त्रेसष्ट दिवस, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लांची रांग. ऐन थंडीत खोक्यात वर्तमानपत्र अंथरून, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून आत ठेवायची आणि दर दोन-तीन तासांनी ड्रॉपरने दूध पाजायचं. स्वयंसेवकांचे गट या रात्रींतून तयार झाले. एकटीला ते झेपत नव्हतं, म्हणून दुसरीला फोन.

सुरुवातीला घर देणं सोपं वाटे. रविवारी एखाद्या बागेपाशी टेबल मांडायचं, पिल्लं टोपलीत ठेवायची, ज्याला आवडेल तो घेऊन जाईल. संध्याकाळी टोपली रिकामी झाली की सगळे खूश. सहा महिन्यांनी त्यातलीच काही कुत्री दुसऱ्या वॉर्डात, नसबंदी न झालेली, पोटुशी सापडायची. फॉर्म, ओळखपत्राची प्रत, घरभेट, नसबंदीचं लेखी वचन हे सगळं त्या अनुभवानंतर आलं. मांजरासाठी खिडक्यांना जाळी हवी, ही अटही चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडलेल्या मांजरांनी शिकवली. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी मांजर दातांनी फाडतं, त्यामुळे घरभेटीला गेलं की जाळी हाताने ओढून बघावी लागते.

याच काळात ‘दत्तक’ हा शब्द रुळला, आणि आजची निम्मी भांडणं त्याच्याभोवती आहेत.

मराठीत दत्तक म्हटलं की विधी, नाव, वारसा. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार एकदा झालेलं वैध दत्तक रद्द करता येत नाही. दत्तक गेलेलं मूल जन्मदात्या घरी परत येत नाही. दुसरा अर्थ सार्वजनिक कामातला. मुंबई पालिकेची ‘दत्तक वस्ती’ योजना होती, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वर्षाचे पैसे भरून बिबट्या दत्तक घेता येतो. बिबट्या अर्थातच तिथेच राहतो, घेणाऱ्याने फक्त खर्च उचलायचा. या दुसऱ्या अर्थानेच लोक सांगतात, ‘मी आमच्या गल्लीतली चार कुत्री दत्तक घेतलीत’. म्हणजे ते त्यांना रोज भात घालतात. कुत्री गल्लीतच असतात.

आणि तिसरा अर्थ आमच्यासारख्या स्वयंसेवक गटांच्या फॉर्मवरचा. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम असं : काही कारणाने प्राणी ठेवणं जमलं नाही, तर तो परस्पर कुणाला द्यायचा नाही, सोडायचा नाही, आमच्याकडेच परत आणायचा. हे कायद्यातल्या दत्तकाच्या नेमकं उलट आहे. घेणारे विचारतात, ‘दिलंत ना आम्हाला? मग आता तुमचा हक्क कसला?’ प्रश्न चुकीचा नाही. कायद्याच्या नजरेत जनावर ही मालमत्ता, आणि मालमत्ता एकदा दिली की दिली. आमच्या फॉर्मला न्यायालयात किती वजन पडेल, यावर गटागटांत मतभेद आहेत. काही गटांनी हे कलम काढून टाकलं, कारण परत आलेल्या प्राण्याला ठेवायला जागाच नव्हती.

माझ्या मते ते काढणं ही चूक होती. पर्याय काय आहे ते बघा. जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आकडा अजून तोच आहे. अशा वेळी ‘परत आणा, कुणी रागावणार नाही’ हे एक वाक्यच त्या जनावराला रस्त्यापासून वाचवतं. २००३ मध्ये मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतला पग घरोघरी हवासा झाला, त्यानंतर विकत घेतलेली कुत्री मोठ्या संख्येने गटांच्या दारी आली. त्यांना परत घेणारं कुणी नव्हतं, विकणाऱ्यांनी हात वर केले होते.

शब्दाचा घोळ परदेशातही आहे. इथली गावठी कुत्री काही गट कॅनडात पाठवत. सप्टेंबर २०२२ पासून कॅनडाने रेबीजचा धोका असलेल्या देशांतून ‘व्यावसायिक’ कुत्री आणायला बंदी केली, आणि त्या व्याख्येत दत्तक द्यायची कुत्रीही धरली. भारत त्या यादीत आहे. तो रस्ता बंद झाला.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्यांकडून मागणी वाढली आणि कचेऱ्या उघडल्यावर प्राणी परत येऊ लागले. परत घेण्याच्या कलमाची खरी कसोटी तेव्हा लागली. नसबंदीबाबत केंद्राच्या मार्च २०२३ च्या नव्या नियमांत ‘भटके’ ऐवजी ‘सामुदायिक प्राणी’ हा शब्द आला.

मग २०२५. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, अकरा दिवसांनी तो आदेश बदलला. बदललेल्या आदेशात दत्तकाचा उल्लेख आहे : इच्छुकाने पालिकेकडे अर्ज करावा, कुत्र्याला टॅग लावून ते द्यावं, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्याची. गल्लीत भात घालणारं दत्तक इथे बाद झालं. नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणची कुत्री हलवायला सांगितली, तीही नसबंदीनंतर त्याच जागी न सोडण्याच्या अटीवर.

तेव्हापासून फोन बदलले आहेत. पूर्वी पिल्लांसाठी येत, आता एसटी स्टँडवरच्या आठ-दहा वर्षांच्या, कान कापलेल्या कुत्र्यांसाठी येतात. कँटीनवाला फोन करतो, कुत्रीचं नाव सांगतो, ती शांत आहे म्हणतो, आणि विचारतो, ‘हिला कुणी दत्तक घेईल का?’