नवीन पॅकिंग घातलं, तरी ग्लँडमधून थेंब का पडतो?

मासेमारीची बंदी उठून बोटी पाण्यात गेल्या की आमच्याकडे दरवर्षी तीच तक्रार येते: "पॅकिंग नवीन, मग पाणी का येतं?" काही नाखवे पैसे परत मागतात. म्हणून हे पत्रक बिलासोबत देतो. वाचून झालं की तांडेल आणि ड्रायव्हरकडे द्या, कारण पाना त्यांच्या हातात असतो.

पंख्याचा शाफ्ट बोटीतून बाहेर जातो तिथे एका बॉक्समध्ये त्याच्याभोवती दोरीच्या रिंगा बसवतात, तेच पॅकिंग; त्या रिंगांना नटाने दाबून धरणारा भाग म्हणजे ग्लँड. इंजिन चालू असताना थेंब पडलाच पाहिजे. शाफ्ट पॅकिंगला घासत फिरतो, घासून तापतो, आणि त्याला गार ठेवतं ते हेच झिरपणारं समुद्राचं पाणी. दोन इंची शाफ्टला मिनिटाला आठ-दहा थेंब म्हणजे काम चोख. शाफ्ट थांबला की थेंबही जवळपास थांबायला हवा. मिनिटाला दहा थेंब धरले तर तासाला साधारण तीस मिली, म्हणजे दिवसरात्र इंजिन चाललं तरी पाऊण लिटरच्या आतबाहेर. तुमच्या खणातलं बर्फ वितळून याच्या कितीतरी पट पाणी तळाला जमतं, त्याबद्दल मात्र कुणी आमच्याशी भांडत नाही.

खरा घोळ होतो तो थेंब दिसल्यावर. ड्रायव्हर पाना घेतो आणि थेंब बंद होईपर्यंत ग्लँड आवळतो. त्या दिवशी सगळे खूश. पण आत पाणी पोचत नाही, पॅकिंगमधली चरबी जळते, दोरी सुकून कडक होते आणि शाफ्टला चरे पाडायला लागते. चर पडला की पाणी आणखी येतं, म्हणून पुन्हा आवळायचं. शेवटी नट पुढे सरकायला जागाच उरत नाही, आणि बोट ऐन हंगामात जेटीला लागते. असं जळलेलं पॅकिंग आम्ही हुकाने ओढतो तेव्हा ते कोळशासारखं तुकड्यातुकड्यांनी निघतं. शाफ्ट पुसून त्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर नवीन पॅकिंगचे पैसे वाया जाणार. आधी शाफ्ट लेथवर घ्यावा लागेल. पॅकिंग स्वस्त आहे, शाफ्टचं काम नाही.

तपासायची रीत सोपी आहे. अर्धा तास गिअर टाकून इंजिन चालवा, मग शाफ्टला न शिवता ग्लँडच्या बाहेरच्या अंगाला हात लावा. गार किंवा जेमतेम कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर लगेच सैल करा, थेंब वाढले तरी चालतील. नवीन पॅकिंगला सुरुवातीला नट हातानेच लावायचा, थोडं जास्त पाणी येऊ द्यायचं, आणि पुढच्या एकदोन फेऱ्यांत नटाची एकेक बाजू फिरवत आणायचं. दोन स्टडची ग्लँड असेल तर दोन्ही नट सारखे. एक जास्त फिरला की ग्लँड तिरकी बसते आणि शाफ्टला धरते. लॉक नट विसरू नका.

पॅकिंग स्वतः घालणार असाल तर जुनं सगळं काढा. वरची एक रिंग काढून त्यावर नवीन घालणं म्हणजे निव्वळ वेळकाढूपणा, तळाची कुजलेली दोरी तशीच राहते. दोरी स्प्रिंगसारखी गुंडाळून कोंबू नका, पाण्याला वळणावळणाने वाट मिळते. शाफ्टच्याच मापाच्या पाइपावर किंवा लाकडावर एकेक रिंग तिरकी कापा आणि प्रत्येकीचा जोड आधीच्या जोडापासून दूर ठेवा. तीन रिंगा असतील तर तिहाई-तिहाईवर.

दुकानात येताना जुन्या दोरीचा तुकडा आणू नका. ती दबून चपटी झालेली असते, त्यावरून माप चुकतं. बॉक्सचा आतला व्यास आणि शाफ्टचा व्यास आणा. बॉक्स तीन इंच, शाफ्ट दोन इंच, तर फरकाचं अर्धं म्हणजे अर्धा इंच, चार सुताची दोरी. माप नसेल तर आम्ही पॅकिंग देत नाही, याचा काहींना राग येतो. येऊ दे. स्टेनलेस शाफ्टला काळं ग्राफाइटचं पॅकिंगही देत नाही; खाऱ्या पाण्यात ग्राफाइट लागून असलं की स्टेनलेस खायला लागतं. चरबीचं किंवा टेफ्लॉनचं घ्या. टेफ्लॉन महाग पडतं, पण शाफ्ट गुळगुळीत असेल तर टिकतं. नेहमीच्या मापांच्या कापलेल्या रिंगांचे संच तयार असतात.

व्यवस्थित घातलेलं पॅकिंगही महिन्या-दोन महिन्यांत जात असेल तर दोष पॅकिंगचा नाही. पंख्याकडचं बेअरिंग झिजलंय का, आणि कपलिंग, म्हणजे गिअरला शाफ्ट जोडणारा भाग, सरळ आहे का, ते बघा. कपलिंग बोट पाण्यात असतानाच जुळवायचं, कारण किनाऱ्यावर ओढलेल्या लाकडी बोटीचा आकार थोडा बदलतो. चार इंची कपलिंगला चारही बाजूंना फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावल्यावर चार थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक नको. हे काम आम्ही जेटीवर येऊन करतो, त्याचे पैसे वेगळे.

१ जूनला बंदी लागली की बोट वर घेतानाच पॅकिंग काढून टाका. ओली दोरी दोन महिने तशीच राहिली तर तिच्याखाली स्टेनलेस शाफ्टलाही बारीक खड्डे पडतात. शाफ्ट लेथवर घ्यायचा असेल तर जूनमध्येच आणा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रांग लागते, आणि तेव्हा आम्ही कुणालाही तारखेचा शब्द देत नाही.